विमान कंपनीचं इंजिनिअरिंग खातं : घरचं असावं की बाहेरचं?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. आमच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचा मोठा तळ आहे. एअर इंडियाने २००५-०६ मध्ये बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचं ठरवलं, त्या सौद्यातला भाग म्हणून बोइंगने तो बांधून दिला. टॅक्सीवेचं, म्हणजे तळापासून धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याचं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं होतं, शेवटी २०१५ मध्ये तळ सुरू झाला. ७७७ सारखं धूड आत मावतं एवढाले हँगर आहेत.

आता मुद्दा. २७ जानेवारी २०२२ ला टाटांनी एअर इंडिया घेतली, पण इंजिनिअरिंग खातं त्यात आलं नाही. एआयईएसएल नावाची ती वेगळी कंपनी आधीच झालेली होती, ती सरकारकडेच राहिली. म्हणजे विमानं एकाची अन् पाने-पक्कड दुसऱ्याची! माझं स्पष्ट मत असं की ज्याची विमानं त्याच्याच घरात दुरुस्ती खातं हवं. बाहेरचा माणूस तेवढ्या जिवाभावाने काम करेल काय? पण जगात तर उलटंच चाललेलं दिसतं. हे खातं आतून चालतं कसं, जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

उंटावरचा_शहाणा
पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसलोय. येऊ द्या.

डेपोवाला
यात एवढं काय गूढ आहे? आमच्या एसटीसारखंच असणार. रोजची धुलाई, हवा, ऑइल डेपोत. इंजिन उतरवायचं किंवा बॉडीचं मोठं काम असेल तर गाडी दापोडीच्या वर्कशॉपला. वडील डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे लहानपण ग्रीसच्या वासात गेलं.

सांताक्रूझ_पूर्व
डेपोवाले, ढाचा बरोबर ओळखलात. मी सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

खात्याचे चार भाग धरा. पहिला लाइन. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत जो तास-पाऊण तास मिळतो त्यात फेरी मारायची. टायर, ब्रेक, कुठे गळती, कुठे शिडीची ठोकर, इंजिनाच्या पात्यांवर पक्षी आपटल्याची खूण. वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहिला असेल तर तो तिथेच निपटायचा. रात्री मुक्कामाला असलेल्या विमानाची जरा निवांत तपासणी. दुसरा बेस, म्हणजे हँगर. ए-चेक साधारण ५०० ते ७५० तासांच्या उड्डाणानंतर, एक-दोन रात्रींत उरकतो. सी-चेक दीड-दोन वर्षांनी, त्यात आठवडे जातात. आणि सहा ते बारा वर्षांनी येणारा सगळ्यात मोठा चेक, त्यात विमान जवळपास सोलून काढतात. तिसरा भाग शॉप. इंजिन, चाकं, ब्रेक, उपकरणं विमानातून काढून तिथे जातात.

चौथा भाग लोकांना माहीतच नसतो : प्लॅनिंग आणि टेक्निकल सर्व्हिसेस. पाना हातात न धरणारी माणसं. कुठल्या विमानाचा कुठला पार्ट किती तास, किती उड्डाणं झाला, उत्पादकाचं कुठलं नवं बुलेटिन आलं, डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा कुठला आदेश किती दिवसांत पुरा करायचा, हे सगळं ते बघतात. आम्ही त्यांना बाबू म्हणून चिडवायचो आणि ते आम्हाला हमाल. पण त्यांनी कामाचं कार्ड काढलं नाही तर हँगरमध्ये कोणी बोटसुद्धा हलवत नाही.

एसटीशी फरक इथे पडतो. गाडी सुरू झाली, आवाज बरा आला, की तुमचे वडील मोकळे. आमच्याकडे काम झालं, चाचणी झाली, तरी परवानाधारक इंजिनिअर 'विमान सेवेत सोडले' अशी सही करीपर्यंत ते काम झालेलंच नसतं. आणि ती सही नुसती कंपनीच्या वतीने नसते. त्याच्या स्वतःच्या लायसन्सवर असते.

किरकिऱ्या
सही-बिही ठीक आहे हो. मागच्या महिन्यात एका कंपनीच्या विमानात माझी सीट मागे जात नव्हती, डोक्यावरचा दिवा बंद, समोरच्या ट्रेला चिकटपट्टी. ही तुमची परवानाधारक देखभाल? आणि पंखावर तर चक्क चंदेरी टेप लावलेली पाहिली. खरंच.

भोचक_भवानी
@किरकिऱ्या, तुमची सीट मागे गेली नाही याबद्दल तुमच्या मागच्या प्रवाशाने खात्याला पेढे पाठवले असतील. 😄

सांताक्रूझ_पूर्व
@किरकिऱ्या, ती चंदेरी टेप म्हणजे स्पीड टेप. ॲल्युमिनियमची असते आणि ती कुठे, किती लावायची हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. भार पेलणाऱ्या भागाला ती चालत नाही.

बाकी तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक विमानासोबत एमईएल नावाची एक यादी असते : काय बिघडलेलं असताना उडता येतं, कोणत्या अटींवर आणि किती दिवस. बी वर्गातला बिघाड तीन दिवसांत, सी वर्गातला दहा, डी वर्गातला १२० दिवसांत दुरुस्त झालाच पाहिजे. मुदत संपली आणि पार्ट आला नाही, की विमान उभं. तुमच्या दिव्याची फार तर नोंद झाली असेल आणि तो रांगेत शेवटी. रात्रीचे चार तास हातात आणि एक विमान ब्रेकसाठी, एक तुमच्या ट्रेसाठी उभं असेल तर माणसं कुठे लावाल? ट्रेची चिकटपट्टी मलाही आवडत नाही. त्यातून कंपनीचा पैशांचा हात आखडलाय एवढं कळतं, पण तेवढ्यावरून विमान असुरक्षित ठरत नाही.

प्राची_हॅम्बुर्ग
काका, 'बाबू' वाचून हसू आलं, कारण मी तीच. इथे देखभालीच्या प्लॅनिंगमध्ये काम करते.

वर्धारोडवाले, तुमच्या मूळ मताशी मी असहमत आहे. लुफ्थान्साने आपलं खातं १९९५ पासून लुफ्थान्सा टेक्निक ही स्वतंत्र कंपनी म्हणून चालवलं. सिंगापूर एअरलाइन्सनेही तेच केलं. याला कारण जिव्हाळ्याचं नाही, हँगरच्या भाड्याचं आहे. हँगर, डॉक (विमानाभोवतीचे मचाण), जॅक, प्रशिक्षित माणसं यांचा खर्च विमान आत असो-नसो, रोज चालू. तीस विमानांच्या कंपनीला वर्षभर हँगरचा एक खण भरलेला ठेवता येत नाही. त्यातून युरोपात उन्हाळ्यात प्रत्येक विमान उडतं हवं असतं, म्हणून मोठे चेक सगळे हिवाळ्यात कोंबायचे. मग उन्हाळ्यात त्या माणसांनी काय करायचं? बाहेरच्या गिऱ्हाइकांची कामं घेतली तरच गणित बसतं.

इंजिनांचं तर आणखी वेगळं. बऱ्याच कंपन्या इंजिन दुरुस्त करून घेतच नाहीत, उड्डाणाच्या तासामागे ठराविक रक्कम उत्पादकाला देतात आणि इंजिन धडधाकट ठेवणं ही त्याची डोकेदुखी.

वर्धारोडवाला
ताई, गणित पटलं. पण माझा प्रश्न भरवशाचा होता. बाहेरच्याला घाई असते, पुढचं गिऱ्हाईक दारात उभं असतं. घरच्या माणसाकडून चुका कमीच होणार ना?

रिव्हेट
नाही होत. दोन जुनी प्रकरणं सांगतो, दोन्ही अधिकृत चौकशीतून बाहेर आलेली.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी रात्रपाळीत बदलली होती, आणि कंपनीच्या स्वतःच्याच खात्याने. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला थोडे कमी निघाले, इंचाच्या सव्वीस सहस्रांशांनी. शिफ्ट मॅनेजरने जुना बोल्ट हातात घेऊन, अंधूक उजेडात, खणातून त्याच्यासारखे दिसणारे उचलले. स्टोअरच्या माणसाने योग्य नंबर सांगितलाही होता. आणि गंमत बघा, काढलेले जुने बोल्टसुद्धा चुकीचेच होते, लांबीला आखूड. ते वर्षानुवर्षं टिकले. त्या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी सक्तीची नव्हती.

दुसरं जपानचं. १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या ७४७ ची शेपटी धावपट्टीला घासली. मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती खुद्द बोइंगच्या पथकाने केली. जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार वाटून घ्यायचा तिथे जोडपट्टी तुकड्यांत बसवल्यामुळे एकाच रांगेवर आला. सुमारे १२,३०० उड्डाणं ती भिंत टिकली. १२ ऑगस्ट १९८५ ला फुटली. ५२० माणसं गेली.

एका ठिकाणी घरचे, दुसऱ्या ठिकाणी साक्षात विमान बनवणारे. आता सांगा भरवसा कोणाचा?

उंटावरचा_शहाणा
परवा पुण्याहून दिल्लीला जायचंय. धागा आधी वाचायला नको होता.

सांताक्रूझ_पूर्व
रिव्हेट यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. कंट्रोलच्या केबल-रॉडसारख्या कामांना एकाने काम करायचं, दुसऱ्या परवानाधारकाने स्वतंत्रपणे बघायचं आणि दोघांनी सही करायची, हा नियम आमच्याकडे कडक होता. तरुण पोरं वैतागायची. लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, पिळली की सीनियर येणार, बोटाने चाचपणार, पीळ बोल्टला घट्ट करणाऱ्या बाजूला ओढतोय की सैल करणाऱ्या, ते पाहणार. उलटा असला तर पक्कड घेऊन टचकन कापून टाकणार, एक शब्द न बोलता.

एक रात्र आठवते. शिफ्ट संपताना टूल क्रिबच्या (हत्यारांच्या खोलीच्या) फळीवर एक जागा रिकामी. तिथे प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे काय गायब आहे ते लांबूनच दिसतं. पान्याचं बोटभर सॉकेट. विमान सकाळच्या फेरीला लागलेलं, ऑपरेशन्सवाल्यांचे फोनवर फोन. आमच्या साहेबांनी चहा मागवला आणि बंद केलेली पॅनेलं पुन्हा उघडायला लावली. सॉकेट मिळालं ते डॉकच्या जिन्याखाली, विमानात नव्हतंच. विमान उशिरा गेलं, ठपका खात्यावर आला. ज्या पोराकडून ते हरवलं त्याला कोणी ओरडलं नाही, कारण ओरडलो असतो तर पुढच्या वेळी हरवलेलं सॉकेट कोणी कळवलंच नसतं.

माहेरवाशीण
हे वाचून आमच्या घरच्या रात्रपाळ्या डोळ्यांपुढे आल्या. अहो लाइनला होते. दिवाळीच्या पहाटे हमखास ड्यूटी. हातावरचा तेलाचा वास साबणाने जात नाही. लोक पायलटच्या बायकोला विचारतात 'भीती नाही वाटत?' आम्हाला कोणी विचारत नाही. २०१५ च्या डिसेंबरात मुंबईत निघायच्या तयारीतल्या विमानाच्या इंजिनाने तंत्रज्ञाला ओढून घेतलं, त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी जेवलं नव्हतं.

भोचक_भवानी
ताई 🙏

डेपोवाला
काका, सी-चेकमध्ये आठवडेच्या आठवडे नक्की करतात काय? गाडीचं इंजिन आम्ही एका दिवसात उतरवतो.

सांताक्रूझ_पूर्व
इंजिन तर आम्हीही एका शिफ्टमध्ये बदलतो. वेळ खातं ते उघडणं आणि शोधणं. सीटा बाहेर, पॅनेलं बाहेर, मोठ्या चेकला गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि संडासंही बाहेर, जमिनीच्या फळ्या वर. निघालेले स्क्रू कापडी पिशवीत, पिशवीवर टॅग, पिशवी त्याच पॅनेलला बांधायची. मग इन्स्पेक्टर टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन आत सरपटतो. गंज सगळ्यात जास्त कुठे सापडतो? गॅली आणि संडासाखाली. सांडलेला चहा, ज्यूस आणि बाकी जे काही सांडतं ते सगळं तिथे मुरतं. बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत, ते रंगद्रव्य मुरवून किंवा एडी करंटने, म्हणजे धातूत विजेचा प्रवाह निर्माण करून शोधायचे.

छापील कार्डं ठरलेली असतात, त्यांचा हिशेब आधी लागतो. उघडल्यावर जे निघतं त्याची नवी कार्डं बनतात. पार्ट मागवायचे, डिझाइनवाल्यांना फोटो पाठवून दुरुस्तीची मंजुरी घ्यायची. विमान वेळेत निघणार की नाही हे या दुसऱ्या गठ्ठ्याच्या जाडीवर.

प्राची_हॅम्बुर्ग
आणि तो गठ्ठा किती जाड निघेल याचा अंदाज बांधायचा पगार मला मिळतो. 😑 दमट किनारपट्टीवर राहणारं विमान आलं की मी आधीच दोन-तीन दिवस उशी ठेवते.

कागदांवरून आठवलं. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांचं आयुष्य उड्डाणांच्या संख्येत ठरलेलं असतं. पहिल्या दिवसापासूनचा माग कागदावर सापडला नाही, तर चकती चकचकीत असली तरी तिची किंमत भंगाराची. म्हणूनच २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्सने सीएफएम५६ इंजिनांचे सुटे भाग खोट्या प्रमाणपत्रांवर विकल्याचं उघड झालं, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना इंजिनं उघडून पाहावी लागली. भाग बरा की वाईट हा प्रश्न नंतरचा. कागद खोटा, म्हणजे भाग बाद.

किरकिऱ्या
थोडक्यात, देशभर चालतं तसंच. माल कसाही असो, फाइल पूर्ण हवी.

रिव्हेट
@किरकिऱ्या, सहीची किंमत बघायची असेल तर किंगफिशर आठवा. पगार कित्येक महिने थकले, २०१२ च्या सप्टेंबरअखेरीस इंजिनिअरांनी काम थांबवलं. वैमानिक, गिऱ्हाइकं, तिकिटं सगळं होतं, पण विमान सेवेत सोडायला सही करणारा नव्हता. १ ऑक्टोबरपासून उड्डाणं बंद, महिना संपायच्या आत डीजीसीएने परवाना निलंबित केला. कंपनी कर्जाने बुडाली हे खरंच, पण शेवटचा दिवस ठरवला तो इंजिनिअरांनी.

वर्धारोडवाला
हे माहीत नव्हतं बाप्पा.

माझ्या बाजूने एक मुद्दा तरी मांडतो. इंजिन उत्पादकावर सगळं सोपवलं की काय होतं ते आपण पाहिलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनात धातूच्या भुकटीत दोष असल्याचं जुलै २०२३ मध्ये जाहीर झालं, इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं उभी राहिली. गो फर्स्टने त्याआधीच, २ मे २०२३ ला, त्याच इंजिनांकडे बोट दाखवत दिवाळखोरीचा अर्ज केला. दुरुस्तीची रांग दुसऱ्याच्या दारात असली की आपण नुसते टोकन घेऊन बसायचं.

प्राची_हॅम्बुर्ग
हा मुद्दा मान्य. रांगेत नंबर लावायचा अधिकार आपल्या हातात असणं, हे घरच्या खात्याचं खरं बळ. कौशल्य विकत मिळतं, हँगरमधला खण ऐनवेळी मिळत नाही. म्हणून माझ्या मते लाइनचं काम आणि प्लॅनिंग कंपनीने कधीच सोडू नये. मोठे चेक आणि इंजिनं खुशाल बाहेर द्यावीत. विमान उडण्याजोगं ठेवायची जबाबदारी कायद्याने तशीही कंपनीकडेच राहते, काम कोणीही करो.

रिव्हेट
+१. भारतात तर बाहेर म्हणजे बऱ्याचदा परदेशातच होतं. देखभाल सेवांवर जीएसटी १८ टक्के होता, त्यापेक्षा विमान सिंगापूर नाही तर श्रीलंकेला नेणं स्वस्त पडे. १ एप्रिल २०२० पासून तो ५ टक्के झाला. आता एअर इंडिया बेंगळुरूला ३५ एकरांवर स्वतःचा तळ उभारतेय, सिंगापूरच्या एसआयए इंजिनिअरिंगच्या सोबतीने. म्हणजे टाटांनाही तुमचंच मत पटलेलं दिसतं, वर्धारोडवाले. फक्त नागपूर सोडून.

वर्धारोडवाला
जखमेवर मीठ!! पण मिहानमध्ये इंडामर ही दुरुस्तीवाली कंपनीही आहे हां. अदानींनी २०२४ मध्ये एअर वर्क्स ही तसलीच कंपनी आणि २०२५ मध्ये इंडामर घ्यायचे करार केले, ते काही उगाच नाही.

डेपोवाला
जरा विषयांतर. बहिणीचा मुलगा बारावी सायन्स झालाय, एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा कोर्स करायचं म्हणतो. काका, खरं सांगा, टाकू का?

सांताक्रूझ_पूर्व
आवड असेल तर जरूर. पण संस्थेच्या जाहिरातीतला पगार बघून नको. लायसन्स संस्था देत नाही, डीजीसीए देते. मॉड्यूलचे पेपर पास व्हायचे आणि चालू विमानांवरचा अनुभव लॉगबुकात सह्यांसकट दाखवायचा. पोरं पेपर काढतात आणि अनुभवापाशी अडकतात, कारण हँगरमध्ये शिरायला जागाच मिळत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी एकच विचारा : प्रॅक्टिकल कोणाच्या हँगरमध्ये, कोणत्या विमानावर? आवारात उभं केलेलं जुनं विमान दाखवायला लागले तर नमस्कार करून परत या. लायसन्स मिळाल्यावरही प्रत्येक जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं, त्याशिवाय सही करता येत नाही. तोवर हेल्पर म्हणून ढकला-ढकली करायची तयारी हवी.

बी१ म्हणजे इंजिन-सांगाडा, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं. हातात पाना धरायला आवडत असेल तर बी१.

प्राची_हॅम्बुर्ग
मी बी२ म्हणेन. नवीन विमानांत अर्धे स्नॅग कॉम्प्युटरचेच असतात.

सांताक्रूझ_पूर्व
आणि त्यातले निम्मे सर्किट ब्रेकर बंद-चालू केल्यावर जातात. बी१.

डेपोवाला
तुमचं मिटलं की कळवा. तोवर भाच्याला हँगरचा प्रश्न विचारायला पाठवतो. फीचा आकडा ऐकून बहिणीचा फोन आलाच, तर काकांचा प्रतिसाद पुढे करीन.